न निघालेल्या जहाजांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेने फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची जी सागरी नाकेबंदी केली, तिच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नाकेबंदी चुकवायला निघालेल्या दर सहा जहाजांपैकी पाच सुखरूप पोहोचत, म्हणजे उत्तरेच्या आरमाराचा पहारा पोकळ होता, असा लेखकाचा निष्कर्ष आहे. आकडा बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला अजिबात पटला नाही.

निघालेल्यांपैकी किती पोहोचली, एवढेच या आकड्यावरून कळते. जी निघालीच नाहीत त्यांचे काय? उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी नाकेबंदी जाहीर केली तेव्हा साडेतीन हजार मैलांच्या किनाऱ्यासाठी त्यांच्याकडे कामावर असलेली जहाजे पन्नासही नव्हती. पुढे ती सहाशेच्या वर गेली. युद्धाच्या चार वर्षांत नाकेबंदीतून सुमारे आठ हजार फेऱ्या झाल्या. त्याआधीच्या चार वर्षांत दक्षिणेच्या बंदरांत वीस हजारांहून जास्त जहाजांची ये-जा होती. शिवाय आधीची जहाजे मोठी, पोटभर माल घेणारी. नंतर येत त्या जवळच्या ब्रिटिश बेटांवरून, नासाऊ किंवा बर्म्युडाहून, अंधाऱ्या रात्री दिवे मालवून शिरणाऱ्या, करड्या रंगाच्या, वेगासाठी बांधलेल्या आगबोटी. त्यांत माल मावणार किती? युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून कापसाच्या सुमारे एक कोटी गाठी बाहेर गेल्या होत्या, युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत जेमतेम पाच लाख.

माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, म्हणून हे मला पुस्तकाबाहेरही कळते. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या यादवीतल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. आजवर बुडालेली जहाजे बोटांवर मोजता येतील. तरी पुढच्या वर्षी सुएझची वाहतूक निम्म्याहून खाली आली. आमच्या द्राक्षांच्या एकाही कंटेनरला कोणी हात लावला नाही. जहाज कंपन्यांनीच ते आफ्रिकेला वळसा घालून नेले. रॉटरडॅमला पोहोचायला दोन आठवडे जास्त, भाडे वाढलेले, विमाही वाढलेला. पेटी उघडली की तिथला खरेदीदार आधी घडाचा देठ बघतो. देठ हिरवा असेल तर भाव, तपकिरी पडला असेल तर कपात. मणी कितीही टणक असोत. हा तोटा बुडालेल्या जहाजांच्या यादीत कुठे सापडणार?

दक्षिणेचे तसेच झाले. बंदुका येत राहिल्या, कारण त्यांत नफा होता आणि सरकारला त्या हव्या होत्या. रेशीम आणि दारूही आली. अखेर १८६४ च्या सुरुवातीला चैनीच्या मालावर बंदी घालावी लागली. पण रेल्वेचे रूळ कोण आणणार? किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारी मालवाहतूक थांबल्यावर सगळा भार रेल्वेवर पडला, आणि ते रूळ झिजल्यावर आडमार्गांचे रूळ उखडून मुख्य मार्गाला लावावे लागले. मांस टिकवायला मीठ मिळेना. २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि दुकाने फुटली. शेतात धान्य असून शहरात पोहोचत नव्हते.

आपल्याकडचा पुरावा तर लेखकाने वाऱ्यावरच सोडला आहे. अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांची नजर इकडे वळली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धावला. १८६५ च्या सुरुवातीला थळ घाटात, म्हणजे आपल्या कसारा घाटात, रेल्वे सुरू होईपर्यंत तिथे त्याला बैलगाडीच होती. नाकेबंदी पोकळ असती तर मुंबईत कापसाला सोन्याचा भाव कशाला आला असता? एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईच्या शेअर बाजाराचा फुगा फुटला. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात राहिला.

लेखकाचे एक म्हणणे मात्र मान्य. १८६१ मध्ये इंग्लंडवर दबाव यावा म्हणून दक्षिणेनेच आपला कापूस रोखून धरला होता. त्याचे श्रेय आरमाराला देता येणार नाही. आणि केवळ समुद्रात जहाजे उभी करूनही भागले नाही. न्यू ऑर्लिन्स बंदर १८६२ मध्ये घ्यावे लागले. लीच्या सैन्याला रसद पुरवणारे विल्मिंग्टन बंदर तर जानेवारी १८६५ मध्ये त्याचा राखणदार किल्ला फोर्ट फिशर पडला तेव्हाच बंद झाले. पहारा आणि बंदरांचा ताबा या दोन गोष्टी मिळूनच गळा आवळला गेला, आणि त्यालाही चार वर्षे लागली.

मला खरी तक्रार वेगळीच मांडायची आहे. नाकेबंदी यशस्वी की अयशस्वी हे फक्त बंदुकांवरून ठरवले की माणसे हिशेबातून गळतात. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात १९६८ च्या मे महिन्यात पोर्ट हारकोर्ट बंदर गेले आणि समुद्राची वाट तुटली. सैन्य त्यानंतरही दीड वर्ष लढले, मेली ती मुले, कुपोषणाने, लाखोंच्या संख्येने. येमेनचे बहुतेक धान्य बाहेरून येते, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात तिथली बंदरे अडवली गेली तेव्हा आधी टंचाई झाली ती पीठ आणि इंधनाची. ज्याच्या हाती बंदूक त्याचे ताट सर्वांत शेवटी रिकामे होते. हे लेखात एका ओळीनेही येऊ नये याचे वाईट वाटले.

या विषयावरचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात रिचमंडच्या त्या बायका आणि खानदेशातला कापूसवाला यांना जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड, जि. नाशिक