फुकटच्या लाकडाचा पेन

आई, नाना, नमस्कार.

फोनच करणार होते पण तुम्ही ओट्यावर बसून स्पीकर लावता आणि मग शेजारचे काका पण मध्ये बोलतात, म्हणून लिहूनच पाठवते, भाऊ अक्षर मोठं करून देईल. नाना, डोळ्यात ड्रॉप टाकल्या टाकल्या वाचत बसू नका, अर्धा तास जाऊ द्या.

विषय मामाच्या पेनांचा आहे. आई तू त्याला परस्पर सांगून टाकलंस की पोरगी देईल सहा पेन पाचशे पाचशेला, रिटायरमेंटच्या दिवशी ऑफिसात वाटायला. आणि नाना तुम्ही दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणालात, लाकूड आपल्या द्राक्षबागेतलं, मशीन हिचं, मग पंधराशे कसले घेते ही. सगळे हसले, मी पण हसले. राग नाही आला, कारण खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी पण असाच हिशोब करत होते.

तेव्हा मी साडेसहाशेला विकायचे. पेनचं कीट, म्हणजे क्लिप, टोक, आतली पितळी नळी, रिफिल हे सगळं 18 टक्के जीएसटी आणि कुरिअर धरून 240 ला पडतं, ग्लू 45 चा, पॉलिश पेपर 20, डबी 60, लाईट आणि टूलची धार मिळून 25, झाले 390. म्हणजे एका पेनमागे 260 सुटले असं मी वहीत लिहायचे आणि खुश व्हायचे. आणि महिनाअखेरीला गाळ्याचं भाडं द्यायला भाऊकडून पैसे घ्यायचे.

मग एकदा डबा उपडा केला, फुटलेल्या कांड्यांचा, म्हणजे पेनसाठी कापलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा. तुम्ही बाग तोडली तेव्हाचे थॉम्सन द्राक्षाचे बुंधे मी आणले होते ना, ते वर्षभर सावलीत वाळवले तरी आतून भेगाळलेलेच असतात. कांडी लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरून 7 एमएमचं ड्रिल सावकाश घालायचं, जरा आत गेलं की बाहेर काढून भुसा झाडायचा, नाहीतर तापतं, परत घालायचं. सगळं नीट चाललेलं असतं आणि शेवटच्या बोटभर अंतरावर बारीक टक असा आवाज येतो. लांबून काही दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. मग त्या भेगेत पितळेचा कीस भरायचा (तांबट आळीतल्या एका दुकानातून पुडीत बांधून आणते), वर पातळ ग्लूचे थेंब सोडायचे, डोळे चुरचुरतात, मास्क लावला तरी. एवढं करून लेथवर घासताना परत उडते ती उडतेच, आणि आतली नळी पण तिच्याबरोबर वाया.

दहात चार जातात असल्या. एका फुटलेल्या कांडीमागे नळी आणि ग्लूचे 50 आणि माझा एक तास. तासाला मी दीडशे धरते, कंपनीत टर्नर होते तेव्हा ओव्हरटाईमला मिळायचे तेवढेच, जास्त नाही. म्हणजे चारांचे 800 उरलेल्या सहांनी भरायचे, पेनमागे 135 झाले. अडीच तास एका पेनला लागतात त्याचे 375. गाळा आणि लेथचा हप्ता मिळून 100. करा बेरीज नाना, बरोब्बर हजार होतात. शिसमची कांडी मी 25 रुपयाला विकत आणते, ती दहात एखादीच फुटते आणि निम्म्या वेळात होते, तो पेन मला साडेसहाशेत पडतो. आणि तुमचं फुकटचं लाकूड हजारात.

दुकानात ठेवला तर दुकानदार 30 टक्के घेतो. पंधराशेतले साडेचारशे गेले, हातात 1050, म्हणजे सुटले किती तर 50 रुपये. नाशिकच्या डोंगरे मैदानावर प्रदर्शनात पूर्ण पंधराशे मिळतात पण तिथे स्टॉलचं भाडं आणि दिवसभर उभं राहणं.

तुमच्या लाल वहीत औषधांची बिलं आहेत, खतं आहेत, गोड्या छाटणीच्या मजुरांची हजेरी आहे. तुमची आणि आईची हजेरी मी शोधली, कुठेच नाही. आई डिपिंगला, घड औषधात बुडवायला, पहाटेपासून वाकायची, तिचे गुडघे काय उगाच गेले? बोलायचं नव्हतं हे, पण निघालं आता.

भाव अजून वाढवायचा तर फाउंटन पेन करायला लागतील, एबोनाईटचे. रबरात गंधक घालून कडक केलेला रॉड येतो तो, लेथवर धरला की गाळ्यात, बागेत भुरी रोगावर गंधक मारल्यासारखा वास सुटतो, तुम्हाला लगेच ओळखू येईल. नाना, राजमहेंद्रीचे रत्नम पेनवाले 1932 पासून पेन करतात, गांधीजींना पण त्यांनी स्वदेशी पेन पाठवलेला आणि 1935 ला गांधीजींचं पत्र आलेलं त्यांना. पण चांगली जर्मन निब म्हटलं की पुन्हा खर्च, त्यामुळे यंदा नाही.

तर मामाला असं सांगा, एक पेन माझ्याकडून त्याला, पैसे नाही घ्यायचे. तो कलमाच्या सांध्यातल्या लाकडाचा करतेय, खाली डॉगरीजचं जंगली खुंट, वर थॉम्सन, तिथे रेष अशी वाकडी वळते की ग्राहक तोच उचलतात. आणि तो सांधा तुम्हीच बांधलेला आहे नाना. बाकीचे पाच शिसमचे, नऊशेचे सातशेला देते, माझे 50 सुटतात. पाचशेला नाही जमणार. तुला सांगायला अवघड वाटत असेल आई, तर मीच फोन करते त्याला, तू मध्ये पडू नको.

रविवारी येतेय, बीपीची गोळी आणि गुडघ्याचं तेल आणते. तोवर गोठ्यामागचे राहिलेले बुंधे उन्हातून सावलीत घ्या आणि दोन्ही टोकांना फेविकॉल फासून ठेवा, भाऊला सांगा. आणि आई, बारीक फांद्या घाल चुलीत, पण गाठीचे जाड तुकडे नको घालूस, मागच्या वेळी अर्धे पाणी तापवण्यातच गेले.

तुमची,
छोटी