पळसाखाली बसायला जा

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

बाबा फुटाळा तलावाला फेऱ्या मारतात, त्या चालू द्या. पण आठवड्यातली एक सकाळ सेमिनरी हिल्स नाहीतर अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानासाठी ठेवा, आणि त्या दिवशी पावलं मोजू नका. माणूस आला की पाखरं गप्प होतात. दहा-पंधरा मिनिटं न हलता बसलं, की पुन्हा आपापल्या कामाला लागतात. बहुतेक लोक त्याआधीच उठतात आणि वर म्हणतात, काहीच दिसलं नाही!

सध्या पळस फुललाय. पळसाला पानं तीन खरी, पण मार्चमध्ये तीही नसतात. जमीन कोरडी पडली की पाणी वाचवायला आपल्याकडची झाडं पानं गाळतात. एकच झाड धरा, ऊन पाठीवर येईल असे बसा. खाली पडलेलं ताजं फूल उचला. बुडाशी काळपट मखमली पेला, वर पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी. ती नखाने अलगद उघडा. आत दहा पुंकेसर असतात, नऊ एकमेकांना जुळलेले आणि एक सुटा. मध अगदी तळाशी. त्यासाठी साळुंकी चोच खुपसते तेव्हा तिच्या डोक्याला पराग लागतो आणि तो पुढच्या फुलावर जातो. वर झाडावर पाखरांचा सगळा कलकलाट त्या मधासाठीच.

आई, गुडघ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. सागाच्या वाळक्या पानांवरून बूट सटकतो, म्हणून उतारावर पाऊल आडवं टाक. काठीच्या टोकाला रबर हवंच. बाबा, दुर्बीण ८×४२ पुरे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० पटीची घेतली तर हात जरासा थरथरला तरी चित्र नाचतं. चष्मा काढू नका, डोळ्यांकडची रबरी कडी फिरवून आत घ्या.

वेलीवर सोनेरी लव असलेल्या वाळक्या शेंगा दिसल्या तर लांब राहा, ती खाजकुयली. लव लागलीच तर चोळू नका, आणखी रुतते. चिकटपट्टी दाबून उपटून काढा, मग धुवा. अत्तर लावून जाऊ नका. आग्या मोहोळ जवळ असलं तर महागात पडेल.

दोघांत लिटरभर पाणी न्या, उजाडताच निघा, नऊच्या आत घरी या. नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं!

रविवारी फोन करते. पळसावर बाकीच्या पाखरांना कोण हुसकावतं ते बघून ठेवा. माझी पैज काळ्या कोतवाल पक्ष्यावर.

तुमची लेक