त्या फोनवर कुणी बोलून पाहिलं का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं 'रोजच्या वापरासाठी मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन' हे पानभर परीक्षण काल दोनदा वाचलं. गेम किती सफाईने चालतो, रात्रीचा फोटो कसा येतो, खोक्यातून काय काय निघालं, सगळं त्यात आहे. त्या फोनवरून कॉल लावला तर काय होतं, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मथळ्यात 'रोजचा वापर' असे शब्द असताना ही ओळ सुटतेच कशी? परभणी जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस फोन घेतो तो आधी बोलण्यासाठी. बाकी सगळं त्यानंतर.

माझा राग प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून आहे. फोन कानाला लावला की स्क्रीन विझावी आणि खाली घेतला की लागावी, एवढंच त्याचं काम. पूर्वी कानाच्या स्पीकरशेजारी इन्फ्रारेडचा बारीक सेन्सर असायचा. गाल जवळ आला की उजेड परतून येई आणि स्क्रीन बंद होई. स्क्रीनच्या कडा बारीक करायच्या आणि चार पैसे वाचवायचे म्हणून या किमतीतल्या बऱ्याच फोनमधून तो काढून टाकलाय. त्याच्या जागी सॉफ्टवेअरचा अंदाज आला. फोन उचलण्याची हालचाल, स्क्रीनला होणारा स्पर्श किंवा स्पीकरमधून सोडलेला, कानाला ऐकू न येणारा आवाज यांवरून गाल जवळ आहे की नाही ते ठरतं. बसून, फोन सरळ उचलून बोललं तर जमतं. आडवं पडून बोललं, खांद्यात फोन धरला किंवा डोक्याला रुमाल बांधलेला असला की अंदाज चुकतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी याच पट्टीतला नवा फोन आला. दवाखान्यातून रिपोर्ट सांगायला फोन आला आणि बोलता बोलता गालाने म्यूट दाबला गेला. पलीकडून 'हॅलो, हॅलो', इकडे माणूस जीव तोडून बोलतोय, शेवटी समोरच्याने फोन ठेवला. परत लावला तर लाइन बिझी. सर्व्हिस सेंटरला नेला, त्यांनी अपडेट मारलं. दुसऱ्या खेपेला रिसेट मारला, त्यात फोटोही गेले. तिसऱ्या खेपेला सांगितलं की या मॉडेलला तो सेन्सर नाहीच. हेच घेण्याआधी कुठे छापलेलं वाचलं असतं तर तीन हेलपाटे वाचले असते. ते छापायचं काम परीक्षणाचं आहे, म्हणून हे पत्र.

तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दुकानात आपलं सिम घाला, कुणालाही कॉल लावा आणि फोन काउंटरवर पालथा न घालता सरळ ठेवा. आता वरच्या कडेवर, काचेला न टेकवता, दोन बोटं अंतरावर तळहात धरा. स्क्रीन लगेच विझली तर सेन्सर बहुधा खरा. हात धरूनही लागलेलीच राहिली आणि फोन उचलून कानाला नेल्यावरच विझली, तर तो अंदाजावर चालणारा आहे. सीपीयू-झेड हे फुकटचं ॲप टाकून 'सेन्सर्स' पान उघडलं की प्रॉक्सिमिटीसमोर नावही दिसतं. त्यात 'व्हर्च्युअल', 'पाम' किंवा 'इलिप्टिक' असा शब्द आला तर समजून जावं. सेन्सर खरा असूनही स्क्रीन काळीच राहत असेल तर आधी टेम्पर्ड ग्लास काढून बघावी. स्वस्तातल्या काचेची काळी कड सेन्सरवर येते. फोन जुना असेल तर वरच्या फटीत धूळ बसलेली असते, ती कोरड्या मऊ ब्रशने निघते.

घरात असा फोन आलाच असेल तर एक सवय लावून घ्या. कॉल लागला की कानाला नेण्यापूर्वी बाजूचं पॉवर बटण एकदा दाबून स्क्रीन बंद करा. फक्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं 'पॉवर बटणाने कॉल बंद' आधी ऑफ आहे ना ते बघा, नाहीतर कॉलच कटेल.

आवाजाचंही तसंच. आजकालच्या बहुतेक फोनला दोन माइक असतात, खाली बोलण्याचा आणि वर आजूबाजूचा गोंगाट कापणारा. दुकानदार शंभर रुपयांचं जाड कव्हर घालून देतो आणि वरचं भोक झाकलं जातं. मग पलीकडच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि आपण रेंजला शिव्या देतो. दुसरी चूक याहून महागात पडते. सिमचा ट्रे काढायची पिन लोक खालच्या माइकच्या भोकात घालतात. आतली जाळी फाटते, कधी माइकच जातो. ट्रेचं भोक ट्रेच्या पट्टीवरच असतं, माइकचं चार्जिंगच्या खाचेजवळ. गोंगाट कापणारा माइक गोंगाटातच कळतो, म्हणून कॉलची चाचणी शांत खोलीत करण्यात अर्थ नाही. सेलूच्या किंवा मानवतच्या बस स्टँडवर उभं राहून एक कॉल लावावा, कव्हर घालून आणि काढून. फरक समोरचाच सांगेल.

रेंजबद्दल तुमच्या परीक्षणात 'नेटवर्क उत्तम' एवढंच आहे. शहरातल्या कार्यालयात उत्तमच असणार. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. उणे ८५ म्हणजे चांगला, उणे ११०च्या पुढे बोलणं तुटायला लागतं. दोन फोन शेजारी ठेवून, एकाच कंपनीचं सिम दोन्हींत घालून हा आकडा बघायचा. तोच खरा मुकाबला. फाइव्ह-जी काठावर असलेल्या गावात फोन सारखा फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या मध्ये हेलकावे खातो, तापतो आणि दुपारपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते. तिथे नेटवर्क मोड 'फोर-जी' करून ठेवलेला बरा. फोनला ७०० मेगाहर्ट्झचा एन-२८ बँड आहे का, हेही छापत चला. जिओची फाइव्ह-जी सेवा त्यावरही आहे, आणि कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, भिंतीतूनही जास्त शिरते.

ऊन तर तुम्ही विचारातच घेतलं नाही. फोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं बऱ्याच कंपन्या स्वतःच लिहितात. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो. 'साडेचार हजार निट्स' (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) हा आकडा स्क्रीनच्या छोट्याशा तुकड्याचा, तोही ठरावीक व्हिडिओपुरता असतो. शेतात उभं राहून ई-पीक पाहणी करताना तो उजेड मिळत नाही. उन्हात मिळणारा जादाचा उजेड बहुतेक फोनमध्ये ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच मिळतो. आपले लोक बॅटरी वाचवायला तो बंद ठेवतात आणि मग स्क्रीन दिसत नाही म्हणतात. त्यात फोन तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो, चार्जिंग हळू करतो, कधी कॅमेराही उघडू देत नाही. बॅटरी खराब होऊ नये म्हणून ते गरजेचंच आहे, पण किती मिनिटांनी होतं ते कळायला हवं. दुपारी एक वाजता दहा मिनिटं उन्हात लोकेशन आणि कॅमेरा चालू ठेवून बघितलं की कळतं. पत्र्याच्या घरात ८० वॅटचं चार्जिंग ८० वॅटने होत नाही, हेही त्याच कारणाने.

बोटाच्या ठशाचंही सांगून टाकतो. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर खुरपं, विळा धरून घट्टे पडलेलं कोरडं बोट चटकन वाचत नाही. बाजूच्या बटणात ठसा घेणारा फोन अशा हातांना जास्त सोसतो. एकच बोट दोन वेळा नोंदवलं की दोन्हींत फरक पडतो.

'८ अधिक ८ जीबी रॅम' असं तुम्ही तक्त्यात छापलंय. त्यातली दुसरी ८ ही रॅम नव्हे, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे आणि ती कितीतरी मंद असते. तक्त्यात फक्त ८ लिहा.

जाता जाता किमतीचं. मथळ्यात १९,९९९ आहे आणि खाली बारीक अक्षरांत ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची अट. शिवाय ही किंमत १२८ जीबीच्या फोनची, परीक्षण २५६ जीबीच्या फोनचं. तालुक्याच्या दुकानात रोख पैसे मोजणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग नाही. लोक तुमच्या पेपरचं कात्रण घेऊन दुकानात जातात आणि काउंटरवर वाद होतो. १८ टक्के जीएसटी धरून, कार्डाशिवाय, आयएमईआय लिहिलेल्या पक्क्या बिलावर जी रक्कम पडते, ती मथळ्यात छापा.

पुढच्या परीक्षणात तक्त्याला तीन ओळी वाढवाव्यात: प्रॉक्सिमिटी सेन्सर खरा की सॉफ्टवेअरचा, बस स्टँडवर कॉलचा आवाज कसा, दुपारच्या उन्हात दहा मिनिटांनी स्क्रीन किती दिसते. आणि रविवारच्या त्या फोनचा सेन्सर कोणता, ते येत्या अंकात छापावं. आमच्या ओळखीतले दोघे तो घ्यायला निघालेत, त्यांना थांबवून ठेवलंय.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सेलू, जि. परभणी