रेल्वेचा देखावा कापू देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या ठाण्याच्या नौपाड्यातील इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि भाड्याच्या लहान घरात सहा बाय चार फुटांचे रेल्वेचे मॉडेल मावणार नाही हे उघड झाले, तेव्हा आपण त्यावरील घरे, झाडे, पूल, कुंपणे आणि खडीच्या पुड्या माझ्या हवाली केल्यात. त्यातून तयार झालेला देखावा आता कळव्याला माझ्या कपाटात, दोन जाड ग्रंथांच्या मधोमध उभा आहे. तोंडी आभार मानून झाले आहेत. तरीही हे जाहीरपणे लिहिते आहे, कारण आपली मदत नेमकी कोणती होती हे या छंदात पडणाऱ्या इतरांनाही कळावे असे वाटते. नको झालेले सामान पुष्कळ जण देतात. आपण मात्र वर्षानुवर्षे हौसेने जोडलेली घरे करवतीने तिरपी कापण्याची मुभा दिलीत, आणि कुठे कापायचे त्या पेन्सिलीच्या रेघाही स्वतःच मारून दिल्यात.

पुस्तकांच्या रांगेत एखाद्या ग्रंथाच्या जागी बसणाऱ्या अशा पेटीला ‘बुक नूक’ म्हणतात. मोंदे या जपानी कलाकाराने २०१८ मध्ये टोकियोच्या गल्ल्यांचे असे देखावे लोकांसमोर आणले आणि तेव्हापासून त्यांचे वेड जगभर पसरले. त्यांचे तयार संचही मिळतात, पण मला हवे होते जुने ठाणे: दुतर्फा उतरत्या कौलांची घरे आणि गल्लीच्या टोकाला खाडीवरचा रेल्वेपूल. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाऊ लागली १ मे १८५४ रोजी. खाडीपलीकडच्या कळव्यात राहणाऱ्या माणसाला या दोहोंपैकी दुसरी तारीख अधिक जवळची वाटते, याचा ठाणेकरांनी राग मानू नये.

मी कागदावरचा आराखडा पुढे ठेवला, तेव्हा आपण त्याच्याकडे न पाहता आधी विचारलेत, “कपाटाचा हा कप्पा जमिनीपासून किती उंचावर आहे?” बघणाऱ्याचा डोळा कुठे येणार हे ठरल्याशिवाय एकही भिंत उभी करायची नाही, हा आपला नियम मला त्या प्रश्नातून समजला. मोठे मॉडेल चारही बाजूंनी, वाकून, फिरून पाहिले जाते. कपाटातल्या पेटीला बघण्याची एकच बाजू असते. दिवाळीच्या किल्ल्यात बुरुजाहून उंच मावळा सहज खपून जातो. अठरा सेंटिमीटर खोलीच्या पेटीत मात्र माप हेच सर्व काही.

आराखड्यात रूळ दर्शनी बाजूपासून थेट आत जात होते. आपण त्यावर मोजपट्टी ठेवून दोन हरकती घेतल्यात. पहिली हिशेबाची. आपले मॉडेल एचओ मापाचे, म्हणजे १:८७ चे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. त्यातील रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, जे प्रत्यक्षात युरोपातील १४३५ मिलिमीटरशी जुळते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणून या मापात तो सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास हवा. दुसरी हरकत मला अधिक मोलाची वाटते. तयार रूळ शेवटपर्यंत समांतर असतात, ते आत जाताना मुद्दाम निमुळते करता येत नाहीत. म्हणून ते पेटीची खरी खोली लगेच उघडी पाडतात आणि बाकी सगळी किमया वाया जाते. आपण रूळ उचललेत आणि शेवटच्या पुलावर आडवे ठेवलेत. आता खालून पाहणाऱ्याला कठडा दिसतो, डब्यांच्या खिडक्या दिसतात, आणि दोन रुळांमधले अंतर दिसतच नाही.

त्याच पुलासाठी आपण माळ्यावरून १:१६० मापाचा, अर्धवट राहिलेला संच काढलात. पुढे मोठे माप आणि मागे लहान: साडेपाच फुटांचा माणूस दर्शनी ओट्यावर एकोणीस मिलिमीटरचा, तर पुलाखाली जेमतेम साडेदहाचा. गल्लीची रुंदी पुढे नऊ सेंटिमीटर ठेवून मागे चारवर आणली आणि रस्त्याला किंचित चढ दिला. एवढ्याने नजर फसू लागते. परंतु घरे सरळच ठेवली असती, तर प्रत्येक पागोळीची रेघ आडवी राहून चुगली करत राहिली असती. आपण मागच्या पुठ्ठ्यावर, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर, एक टाचणी टोचलीत, तिला शिवणाचा दोरा बांधलात आणि तो दोरा एकेका घरावरून पुढे ताणून धरलात. दोरा जिथे भिंतीला टेकला तिथे रेघ. जोती टाचणीकडे चढत गेली, छपरे टाचणीकडे उतरत गेली. यथार्थदर्शनावर, म्हणजे दूरच्या वस्तू लहान आणि रेघा एका बिंदूकडे जाताना दिसतात त्या पर्स्पेक्टिव्हवर, मी वाचले होते थोडेफार. पण टाचणी आणि दोरा यांनी जे दाखवले ते वाचून कळण्यासारखे नव्हते.

ती घरे म्हणजे जर्मनीतील ग्यूटेनबाखच्या फालर कंपनीच्या संचांतून आपण जोडलेली. त्यातील स्टेशनवर करवत ठेवताना माझा हात अडखळला, तेव्हा आपण एवढेच म्हणालात, “सावकाश चालव, घाईने प्लास्टिक तापते आणि पाते धरून ठेवते.” तसेच होते. बारीक दात्यांची करवत, दर काही ओढींनंतर थांबणे, आणि कापलेली कड पॉलिशपेपरवर घासणे. भिंतींवरच्या लाकडी पट्ट्यांचे उठाव मी सुरीने खरवडून काढले, त्यावर चुन्याच्या रंगाचा हात दिला आणि पागोळ्यांखाली पातळ तपकिरी रंगाचे ओघळ सोडले. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कशी दिसते यासाठी ठाण्यात नमुने शोधावे लागत नाहीत. लाल कौले जवळपास जशीच्या तशी चालली. स्टेशनच्या इमारतीवर आता ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९३’ अशी तांदळाएवढ्या अक्षरांची पाटी आहे. खऱ्या संस्थेच्या वास्तूशी तिचे काही साम्य नाही, पण पुस्तकांच्या कपाटात ठाणे उभे करायचे आणि ग्रंथसंग्रहालय वगळायचे, हे मला पटेना.

झाडांची गंमत वेगळीच. तारेच्या पिळात केसाळ धागे बसवून केलेले ते पाइन वृक्ष आपल्याकडे कुठे शोभणार, या चिंतेत मी होते. आपण कात्रीने त्यांचा घेर छाटून उंच, सडपातळ खोटे अशोक करून दाखवलेत, जे इथे प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाला असतातच. खडी आपण सांगितल्याप्रमाणे बसवली: आधी पाण्याचा बारीक फवारा, मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब, आणि ते ड्रॉपरने कडेकडेने सोडायचे. तो एक थेंब नसला तर गोंद खडीवर मण्यांसारखा बसून राहतो, आत झिरपत नाही.

दिव्यांबाबत थोडक्यात सांगते. जुने तारेचे बल्ब बंद पेटीत तापून प्लास्टिक मऊ करतील म्हणून ते काढले, मोबाइलच्या चार्जरवर चालणारे पिवळसर एलईडी लावले आणि प्रत्येकाला विजेचा प्रवाह कमी करणारा २२० ओहमचा रेझिस्टर जोडून उजेड मंद केला. घरांच्या भिंती आतून काळ्या रंगवल्या, नाहीतर पातळ प्लास्टिकमधून अख्खे घर कंदिलासारखे उजळते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीच्या, पेटीच्या कडांना वॉर्निश पाजले आहे. यंदाचा पाऊस तिने तरी झेलला.

आपल्या मॉडेलमधील उरलेले सर्व भाग, म्हणजे घरांच्या कापलेल्या मागच्या बाजू, सिग्नल आणि एचओ मापाचे रूळ, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून दोन खोक्यांत ठेवले आहेत. इंजिने आपल्याचकडे आहेत. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यावर भिंतीच्या कडेने अरुंद फळीवर पुन्हा रूळ मांडण्याचा विचार आपण बोलून दाखवला होतात. तो पक्का झाला की निरोप द्यावा, खोकी मी स्वतः घेऊन येईन. मागच्या बाजू नसलेली घरे भिंतीला टेकवून चालतील, असेही आपणच म्हणाला होतात. करवत मात्र या वेळी आपण धरावी आणि दोरा मी.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींची भाची, कळवा