आधी शांत व्हा, मग बोलू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत बाईचं रडणं आणि त्यापुढं भांबावलेला पुरुष यावर एक गमतीदार स्फुट आलं होतं, ते आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावरच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचलं गेलं आणि सहा-सात रिटायर्ड माणसं पोट धरून हसली, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. एकजण म्हणाला, बायको रडायला लागली की मी सरळ पिशवी घेऊन मंडईत जातो, परत येईस्तोवर थांबलेलं असतं. दुसरा म्हणाला, कोयनेचे दरवाजे निदान पावसाळ्यातच उघडतात, आमच्याकडं बारमाही. परत सगळे हसले. पण घरी येताना मला 2014 सालचा मार्च महिना आठवला आणि सगळं हसू जागच्या जागी आटलं, म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट खुशाल करा, फक्त बँकेचा भाग ठेवा.

मी बँकेत 33 वर्षं काढली, शेवटची काही वर्षं ब्रँच मॅनेजर म्हणून. मार्च एंडिंग म्हणजे काय असतं ते बँकवाल्यालाच माहीत, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ब्रँचमध्ये, चहाचे कागदी कप सगळीकडं, रिजनल ऑफिसचे फोन. तशातच बदल्यांची यादी आली. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या काउंटरच्या एक मॅडम केबिनमध्ये आल्या. त्यांचं नाव पाटणच्याही पुढच्या एका ब्रँचला लागलेलं. घरी सासूबाईंचं आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, पोरगं पुढच्या वर्षी दहावीला, हे मला माहीत होतं. त्या उभ्या राहूनच म्हणाल्या, "सर, यादीत माझं नाव कसं आलं, मागच्या वेळीसुद्धा मीच..." आणि तिथं आवाज फुटला, पुढचे शब्द येईनात, डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण हे सगळे पुरुष करतात आणि करताना आपण फार सभ्य वागतोय असं वाटत असतं. आधी बेल दाबली, शिपायाला म्हटलं मॅडमना पाणी आण. मग उठून केबिनचा दरवाजा उघडून ठेवला. त्या बोलतायत ते बाहेर ऐकू जावं म्हणून नाही, बाईमाणूस आत रडतंय, बाहेरचे काय म्हणतील म्हणून. मग खुर्चीत बसून कॉम्प्युटरकडं बघत राहिलो, स्क्रीनवर काहीही नव्हतं, लॉगिनची चौकट होती नुसती. आणि म्हणालो, "मॅडम, तुम्ही आधी शांत व्हा, मग बोलू."

त्यांनी ओढणीनं डोळे पुसले, दोन घोट पाणी प्यायल्या, "सॉरी सर" म्हणाल्या आणि गेल्या.

तो ‘मग’ काही आला नाही. दुसऱ्या दिवशी त्या शांत होत्या, म्हणजे प्रश्न मिटला असं मी समजलो. एप्रिलमध्ये रिलीव्हिंग लेटरवर सही मीच केली. पुढं दीड-दोन वर्षं त्या रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होत्या हे कानावर यायचं, आणि मी म्हणायचो, बिचाऱ्या.

2019 ला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्या भेटल्या, कार्यालयात जेवणं उरकलेली, हातात मठ्ठ्याचा ग्लास. मी उगाच जुनी आठवण काढली, म्हटलं मॅडम तुम्हाला फार त्रास झाला तेव्हा, मला फार वाईट वाटलं होतं. तर त्या म्हणाल्या, "सर, तेव्हा मी रडत होते, मुकी नव्हते झाले." आणि मग सांगितलं की त्या दिवशी पर्समध्ये बदलीचं सर्क्युलर घडी घालून आणलं होतं, एकदा लांबच्या ब्रँचला जाऊन आलेल्याला ठरावीक वर्षं परत पाठवायचं नाही असा त्यात पॉइंट होता, आणि त्या आधीच एकदा जाऊन आलेल्या होत्या. खरा नंबर दुसऱ्याचा होता. मी समजलो बाई दया मागतीय. ती हिशोब मागत होती. डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि मी स्वतःच ठरवून टाकलं की यात ऐकण्यासारखं काही नाही, यात फक्त सांत्वन करायचंय, ते पण मला नीट जमलं नाही, शिपायाकडनं करून घेतलं.

त्याच यादीत एका गड्याचं नाव होतं. त्यानं माझ्या टेबलावर मूठ आपटली, पेन स्टँड खाली पडला, म्हणाला युनियनकडं जातो, बघून घेतो. त्याच्याशी मी पाऊण तास बोललो, दोन वेळा चहा मागवला, फोन लावला, त्याची बदली थांबली. त्याला मी आधी शांत व्हा मग बोलू असं म्हटलं नाही. रागावलेला माणूस मुद्द्याचं बोलतोय असं आपल्याला वाटतं आणि रडणारी बाई भावनेच्या भरात. दोघांच्याही नाडीचे ठोके वाढलेले असतात, दोघांचाही आवाज बदललेला असतो.

कुणी म्हणेल बायका मुद्दाम रडतात, ब्लॅकमेल करतात. करत असतील काहीजणी, माणसं सगळ्या प्रकारची असतात, मूठ आपटणारा तरी कुठं खरा संतापला होता. आणि कुणी म्हणेल साहेब, आजकाल केबिनमध्ये बाईशी दोन शब्द बोलायची भीती वाटते, कायदा आहे. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा तो कायदा मी वाचलाय, ट्रेनिंग पण घेतलंय, रडणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकून घेऊ नये असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

यावर म्हणे संशोधन पण झालंय, माझ्या मुलीनं पाठवलं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी बायकांना रडका सिनेमा दाखवून अश्रू गोळा केले आणि ते पुरुषांना हुंगायला दिले. 2011 साली ‘सायन्स’ मासिकात छापून आलं की वास असा काही येत नाही, मिठाचं पाणी का अश्रू तेही ओळखता येत नाही, तरी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उतरतं. मग 2023 ला परत तिथल्याच लोकांनी केलं, या वेळी पुरुषांना कॉम्प्युटरवर असा गेम दिला की समोरचा लबाडीनं तुमचे पैसे खातोय आणि तुम्हाला त्याच्यावर सूड काढता येतो, तर अश्रू हुंगलेल्यांचा सूड 43.7 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे निसर्गानं आपल्याला नरम करायची सोय केलेली आहे. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं, की तिथंपण बाई समोर नव्हतीच, ती का रडली ते कुणी विचारायचं नव्हतं, बाटलीतलं पाणी तेवढं होतं. माझ्या केबिनमध्ये तरी वेगळं काय झालं, मी नरम पडलो, वाईट पण वाटलं, आणि रिलीव्हिंग लेटरवर सही केली.

मोठमोठी माणसं पण यातनं सुटलेली नाहीत. टिम हंट नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ, 2001 चं नोबेल मिळालेले. 2015 ला सोलमध्ये विज्ञान पत्रकारांसमोर बोलून गेले की लॅबमध्ये मुली असल्या की त्यांच्यावर टीका केली की त्या रडतात. नंतर म्हणाले विनोद होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं मानद पद त्यांना सोडावं लागलं. आणि गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या जुलैत ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज भर संसदेत रडल्या, गालावरनं पाणी ओघळताना अख्ख्या जगानं टीव्हीवर बघितलं, पौंड घसरला, सरकारी रोख्यांचा बाजार हलला. शेजारी उभे राहून उत्तरं देणारे पंतप्रधान नंतर म्हणाले की त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही! लंडनच्या बाजाराला कळलं, शेजारच्या माणसाला कळलं नाही. आमची ही हे वाचून म्हणाली, यात नवल ते काय.

पुरुष रडला की गोष्ट वेगळी. 7 सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 च्या लँडरशी संपर्क तुटल्यावर बंगळुरूमध्ये इस्रोचे प्रमुख के. सिवन रडले, पंतप्रधानांनी त्यांना मिठी मारून पाठ थोपटली, सगळ्या देशाचे डोळे पाणावले, माझेही. त्यांना कुणी भावनिक म्हणून हिणवलं नाही आणि ते बरोबरच होतं. पण हरमनप्रीत कौर 2023 ला टी-20 वर्ल्ड कपची सेमीफायनल ऑस्ट्रेलियाकडनं पाच रननी हरली तेव्हा बक्षीस समारंभाला काळा गॉगल लावून आली आणि स्वतःच सांगितलं की देशानं मला रडताना बघू नये म्हणून लावलाय. अर्धशतक काढलेलं, बॅट जमिनीत अडकून रनआउट झालेली, आणि तेवढ्यात गॉगलचा विचार करावा लागला तिला.

म्हणून मला आपली क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्ज फार आवडली. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर परत ऑस्ट्रेलिया, 339 चं टार्गेट, आणि ही मुंबईची पोरगी नाबाद 127. मॅच संपल्यावर माइकसमोर रडत होती आणि रडत रडतच बोलत होती, की या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडलीय, मनानं बरी नव्हते. आवाज तुटत होता, परत जुळत होता, पण सगळं बोलली. मी सोफ्यावर बसून बघत होतो आणि मला आमच्या मॅडम आठवल्या. माइक काढून घेतला नव्हता कुणी, एवढाच काय तो फरक.

माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिच्या अप्रेझलचा कॉल घरूनच होता, मॅनेजर सांगत होता रेटिंग का कमी दिलं ते, आणि तिला रडू यायला लागलं तसा तिनं पटकन कॅमेरा बंद केला. पलीकडनं विचारलं, "नेटवर्क इश्यू आहे का?" तिनं टाइप केलं, "येस सर". हे तिनं मला हसत हसत सांगितलं. आमच्या पिढीत निदान पाणी तरी मिळायचं.

आता घरचं. घरी मी 30 वर्षं एकच वाक्य वापरलं, "आता काय झालं?" यातला ‘आता’ बघा, सगळी खोच त्या ‘आता’त आहे. नुसतं काय झालं विचारलं असतं तर बाई बोलली असती कदाचित, ‘आता’ लावला की तिच्या आधीच्या सगळ्या रडण्याचं बिल तिच्या पुढ्यात येतं. शिवाय मी लगेच उपाय सांगायचो, आईनं बोललं तर दुर्लक्ष कर, डोकं दुखतंय तर गोळी घे. उपाय सांगितला की माझं काम संपलं आणि मी गाडी पुसायला मोकळा. आमची आजी म्हणायची हसणाऱ्या बाईवर आणि रडणाऱ्या गड्यावर भरवसा ठेवू नये. या आजीला आम्ही कधी रडताना बघितलं नाही, ती चुलीपुढं बसायची आणि डोळे लाल असले की धूर लागला म्हणायची. गॅस आल्यावर कांदा म्हणायला लागली.

परवा मंगळवारी संध्याकाळी ही भाजी निवडत होती, मेथी, आणि पानांवर टपटप पडायला लागलं. माझे पाय आपोआप दाराकडं वळले, सवय. पण बसलो, समोरच्या पाटावर. काय झालं पण विचारलं नाही. कुकर शिट्ट्या द्यायला लागला तेव्हा उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो. जरा वेळानं ती आपण होऊन बोलायला लागली, तिच्या माहेरचं होतं, माझंही होतं त्यात, बरंच जुनं, ते काही छापायला देणार नाही. पाऊण तास बोलली, मधे रडत होती, मधे मेथी निवडत होती. एकदा मी उठायला लागलो, म्हटलं पाणी आणतो.

"पाणी नकोय," ती म्हणाली. "बसा."

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त बँकवाला, कराड
(नाव छापू नये, कट्ट्यावर जायचं असतं.)