किल्ली देण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

भाड्याने द्यायचं घर बघून गेलेल्यांपैकी एकाला या आठवड्यातच हो म्हणायचं तुझ्या मनात आहे, असं फोनवर जाणवलं. थोडं थांब. माणूस बोलायला गोड, कपडे नीटनेटके, घर लगेच पसंत, एवढ्यावर घर देऊन टाकायचं नसतं. वेळेवर भाडं देणं, घर नीट वापरणं, शेजाऱ्यांना त्रास न देणं आणि ठरल्या वेळी घर सोडणं, या चार गोष्टी आपल्याला हव्यात. आधीच्या घरात त्याने त्या कशा केल्या, याचा माग कुठे ना कुठे असतोच. तो आधी काढायचा.

पण त्याच्याही अगोदर भाड्याचा आकडा तपासून घे. आसपासच्या तशाच घरांना जाहिरातीत किती मागतात ते सोड, करार कितीला होतात ते विचार. समज, त्याहून १० टक्के जास्त मागितलंस आणि त्यापायी घर ३३ दिवस रिकामं राहिलं, तर त्या वर्षाचा सगळा जास्तीचा फायदा तिथेच संपला. शिवाय अवाच्या सवा भाडं सांगितलं की चांगली माणसं फोनच करत नाहीत. ज्यांना इतरांनी नकार दिलाय ते मात्र घासाघीस न करता तयार होतात, आणि तू त्यावरच खूश होतेस.

पहिल्या फोनवर सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचार आणि उत्तरं वहीत लिहून ठेव. कोण कोण राहणार, कधीपासून हवं, आत्ताचं घर का सोडताय, काम काय, किती काळ राहायचा विचार आहे, पाळीव प्राणी आहे का. प्रत्यक्ष भेटीत हेच प्रश्न गप्पांच्या ओघात पुन्हा काढ. फोनवर ‘आम्ही दोघं’ म्हणणारा घर बघताना चौथी गादी कुठे बसेल ते मोजत असेल, तर तिथेच नीट विचारून घे. राहणारी सगळी मोठी माणसं एकदा तरी समोर आलीच पाहिजेत. घर एकाने घ्यायचं आणि राहायचं भलत्यानेच, हा पोटभाडेकरूचा प्रकार तिथेच उघडा पडतो. धर्म, जात, भाषा, लग्न झालंय की नाही, यावरून कुणालाही डावलू नकोस. भाडं वेळेवर येईल की नाही ते यातून कळत नाही, माणसाचा अपमान मात्र होतो, आणि असं डावलणं अनेक ठिकाणी बेकायदेशीरही असतं.

आता उत्पन्न. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावं. भाडं १०० असेल तर हातात ३०० यायला हवेत. पण हा नुसता ठोकताळा आहे. त्या ३०० मधून कर्जाचे हप्ते १२० जात असतील तर ओढाताण होणारच. उलट २७० कमावणारा पण डोक्यावर एकही कर्ज नसलेला माणूस जास्त भरवशाचा. म्हणून सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या माग. ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याच्याकडून दोन वर्षांची आयकराची कागदपत्रं आणि वर्षभराचं स्टेटमेंट घे, आणि हिशेब सरासरी महिन्याचा न करता सगळ्यात वाईट तीन महिन्यांचा कर. भाडं त्या महिन्यांतही द्यावंच लागतं.

स्टेटमेंट कसं वाचायचं ते नीट समजून घे, इथेच बहुतेक लोक पान उलटून मोकळे होतात. खालची शिल्लक बघू नकोस. ती चार दिवसांपुरती मित्राकडून उसनी आणूनही फुगवता येते. शेवटच्या आठवड्यात एखादी मोठी गोल रक्कम आलेली दिसली तर ती कुठून आली ते विचार. पगाराच्या पावतीवरची निव्वळ रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली पाहिजे. मग कुठल्याही पाच-सहा ओळी घेऊन स्वतः बेरीज-वजाबाकी कर: आधीची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च, आणि पुढच्या ओळीची शिल्लक. कागदात फेरफार करणारे जमेचा एखादा आकडा बदलतात, पण पुढच्या सगळ्या शिलका बदलायचा त्यांना कंटाळा येतो. तिथे ते सापडतात. एखाद्याच आकड्याचा ठसा इतरांपेक्षा जाड किंवा किंचित खाली सरकलेला दिसला, तर समोर बसून बँकेच्या अॅपवरून तेच स्टेटमेंट दाखवायला सांग. खरं असेल तर माणूस दोन मिनिटांत दाखवतो.

आणि त्याच कागदात आत्ताच्या घराचं भाडं शोध. दर महिन्याला कोणत्या तारखेला गेलंय? ३, ४, ३, ५ अशा तारखा असतील तर ते माणसाचं वळण आहे. ३, ११, १९, मग एक महिना काहीच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन भाडी एकदम, असं दिसलं तर तुझ्याकडेही तेच होणार. कारण विचार जरूर, आजारपण किंवा नोकरी जाणं कुणाच्याही वाट्याला येतं. पण त्या काळात त्याने मालकाला आधीच कळवलं होतं का, ते त्या मालकाकडूनच ऐक.

आत्ताच्या मालकाला फोन करायचाच, पण त्याच्या आधीच्या मालकाला तर नक्कीच. आत्ताच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंडभरून कौतुक करेल. आधीच्याला आता काही घेणंदेणं नसतं, तो मोकळेपणाने बोलतो. फक्त तो नंबर खरंच मालकाचा आहे का ते बघ. मित्राचा नंबर देणं ही जुनी युक्ती आहे. त्यासाठी एक गोष्ट मुद्दाम चुकीची विचार. भाडेकरू म्हणाला असेल की मी तिसऱ्या मजल्यावर होतो, तर तू विचार, ‘तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात होते ना हे?’ खरा मालक लगेच दुरुस्त करतो, मित्र ‘हो हो’ म्हणतो. मग विचार: भाडं किती आणि कधी यायचं, घर सोडताना पूर्वसूचना दिली का, डिपॉझिटमधून काही कापावं लागलं का आणि कशासाठी. शेवटी, ‘पुन्हा तुमच्याकडे आले तर द्याल का घर?’ एवढं विचार आणि गप्प बस. इथे माणूस अडखळला तर आधीच्या सगळ्या कौतुकापेक्षा ते अडखळणं जास्त खरं.

नोकरीच्या ठिकाणी फोन करताना भाडेकरूने दिलेला नंबर वापरू नकोस, कंपनीचा जाहीर नंबर स्वतः शोध. पगार ते सांगणार नाहीत, पण हा माणूस तिथे आहे आणि कधीपासून आहे एवढं पुरतं.

नुकतीच नोकरी लागलेली किंवा शिकणारी मुलं आली तर लगेच नाही म्हणू नकोस. जामीनदार घे, मात्र त्याचंही उत्पन्न तसंच तपास आणि करारावर त्याची सही घे. तोंडी हमीचा काही उपयोग होत नाही. तिघं-चौघं मिळून घेत असतील तर सही सगळ्यांची हवी, आणि पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकाची एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे आहे, म्हणजे पूर्ण भाडं कुणाही एकाकडून मागता येतं, हे करारात लिहिलेलं हवं. नाहीतर एक जण सोडून गेला की बाकीचे ‘आमचा वाटा दिला’ म्हणून हात वर करतात.

काही गोष्टी दिसल्या की सावध हो. घर न बघताच होकार. आज रात्रीच सामान आणतो अशी घाई. वर्षभराचं भाडं रोख देतो, बाकी काही विचारू नका, हे तर सगळ्यात वाईट. उत्पन्नाची चौकशी टाळण्यासाठी किंवा घर भलत्याच कामाला वापरण्यासाठी हा मोह दाखवला जातो. कुणी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन वरचे पैसे परत मागितले तर एक पैसाही पाठवू नकोस. चेक चार दिवसांनी परत येतो आणि तू पाठवलेले पैसे गेलेले असतात.

पसंती झाली तरी क्रम मोडू नकोस. मूळ ओळखपत्र हातात घेऊन फोटो आणि चेहरा ताडून बघ, मग करारावर सह्या, मग डिपॉझिट आणि पहिलं भाडं तुझ्या खात्यात जमा झाल्याची स्वतः खात्री, आणि नंतर किल्ली. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. डिपॉझिट किती घ्यायचं, कराराची आणि भाडेकरूची नोंदणी कुठे करायची, याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते तिथल्या वकिलाला सह्यांच्या आधी विचार. किल्ली देताना दोघांनी मिळून घर फिरा, मीटरचे आकडे लिहा, भिंती, नळ, ओटा, बाथरूमच्या फरश्या यांचे फोटो काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. आधीच तडा गेलेली फरशी यादीत असली की सोडताना वाद उरत नाही.

ज्यांना घर देणार नाहीस त्यांना दोन दिवसांत तसं कळव, ते बिचारे वाट बघत असतात. त्यांची ओळखपत्रं आणि स्टेटमेंटं मोबाइलमधून पुसून टाक, छापील प्रती फाडून टाक. आणि ज्याला हो म्हणायचं तुझ्या मनात आहे, त्याच्या आधीच्या मालकाला उद्याच फोन कर.

तुझी,
आई