आईंच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीचे कारण सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

गेल्या दिवाळीनंतर आपण सासऱ्यांना भेटायला आमच्या विश्रामबागेतील घरी आला होतात. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ताटात अर्धी ज्वारीची भाकरी तशीच उरली होती आणि पाहुण्यांसमोर असे बोलू नये हे कळत असूनही मी बोलून गेले, "आईंना माझ्या हातचे जेवण जात नाही." त्या एका वाक्यासाठी आपण आणखी दोन तास थांबलात, त्याबद्दल हे पत्र आहे.

आईंचा मधुमेह २२ वर्षांचा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, सकाळी खाल्लेले संध्याकाळी उलटून पडते का, असे आपण त्यांना विचारलेत. मग मनगटावर बोटे ठेवून मिनिटाला ६ श्वास या गतीने सावकाश श्वास घ्यायला सांगितलेत. श्वास आत घेताना नाडी जलद आणि सोडताना मंद होते, हे मला माझ्या नाडीवर दाखवलेत. आईंची नाडी मात्र एकाच चालीने चालली होती. बोटांनी पाहणे हा केवळ अंदाज आहे, खरी तपासणी ईसीजीवर होते आणि निदान डॉक्टरांनीच करायचे असते, हे आपण तीनदा बजावलेत.

नंतर जे समजावलेत ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. मेंदू हुकूम सोडतो आणि पोट तो पाळते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शरीराची आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेतील व्हेगस या चेतेचे (मज्जातंतूचे), जी श्वासाबरोबर नाडीची गतीही बदलते तिचेच, सुमारे ८० टक्के तंतू खालची वार्ता वर मेंदूकडे नेतात, हे ऐकून मी थक्क झाले. जठर ताणले गेल्याची वार्ता त्यांच्यातूनच जाते. अन्नातील स्निग्धांश आणि प्रथिने लहान आतड्यात पोचली की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. ते टोचल्यावर उंदीर कमी खातात हे १९७३ मध्ये दिसले आणि पोटाकडील व्हेगस कापली की तो परिणाम नाहीसा होतो हे पुढे कळले. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या चेता झिजतात, जठराची हालचाल मंदावते, आधीचे अन्न पुढे सरकण्याआधीच नवा घास येतो आणि दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाळकृष्ण आनंद यांच्याबद्दल आपण ज्या आदराने बोललात तो माझ्या मनात राहिला आहे. १९५१ मध्ये त्यांनी ब्रोबेक या शास्त्रज्ञासह उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंचा एक इवलासा भाग निकामी केला, तेव्हा अन्न समोर असूनही त्या उंदरांनी खाणे सोडले. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभाग उभा करणारे हेच आनंद. आईंचा दोष मेंदूत नसून चेतांत असावा, हे आपण स्पष्ट केलेत. तरीही त्या उंदरांना कोणी हट्टी म्हणेल का, हा आपला प्रश्न मला आतपर्यंत लागला, कारण घरात आम्ही सगळेच आईंना तसे म्हणत होतो.

जठरात कोठे अडथळा नाही ना, हे डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने पाहिले आणि मग पुढच्या तपासण्या करून आपला अंदाज खरा असल्याचे सांगितले. जेवणानंतर साखर एकाएकी का उतरते, तेही तेव्हा उलगडले: इन्सुलिन वेळेवर काम करत होते, पण अन्न अजून जठरातच होते. इन्सुलिनची वेळ त्यांनी बदलून दिली. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मेथी आणि शेंगदाण्याची चटणी बंद झाली, आणि मऊ भात, मुगाचे वरण व गाळलेले सूप दिवसातून ६ वेळा थोडे थोडे सुरू झाले. भाकरी सुटली याचे आईंना फार वाईट वाटले. मलाही वाटले.

परवा दुपारी ४ वाजता मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा आईंनी आतून हाक मारून भाताची पेज मागितली. मी काही न बोलता वाटी भरून नेली, त्यांनी ती संपवली आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. वेळ, अन्न आणि साखर यांची जी नोंदवही आपण ठेवायला सांगितली होती, तिच्यात ती वाटी लिहिली आहे. शनिवारी वही घेऊन आपल्याकडे येते.

आपली कृतज्ञ,
आईंची सून
विश्रामबाग, सांगली